प्रत्यारोपणानंतरचा माणूस

अवयव प्रत्यारोपणाने आजार मुळापासून बरा होत नाही. एका जीवघेण्या आजाराच्या जागी आयुष्यभर सांभाळावी लागणारी दुसरी अवस्था येते. निकामी झालेले मूत्रपिंड, यकृत किंवा हृदय गेले, दुसऱ्याचे आले, की माणूस पूर्ववत झाला, अशी सर्वसाधारण समजूत असते. शस्त्रक्रियेतून उठलेल्या माणसाची ही समजूत काही महिन्यांतच गळून पडते. मरण टळल्यामुळे तर त्याची आयुष्याकडे पाहण्याची नजर बदलतेच. पण त्यानंतरचे रोजचे पथ्यपाणी आणि आपल्या अंगात दुसऱ्या कुणाचे तरी काही आहे ही जाणीव यांचाही त्या बदलात मोठा वाटा असतो.

रायगड जिल्ह्यातील उरणमध्ये करंज्याजवळ द्रोणागिरी डोंगर आहे. लक्ष्मणासाठी संजीवनी घेऊन जाताना हनुमंताच्या हातून पर्वताचा एक तुकडा इथे पडला, अशी त्याची आख्यायिका सांगतात. कथेतला लक्ष्मण औषध लागू पडताच उठतो आणि पुन्हा लढाईला उभा राहतो. त्याला सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या नाहीत, रक्ततपासणी नाही, डॉक्टरांची पुढची तारीख नाही. आजच्या उरणकराचे मूत्रपिंड बदलले तर या तिन्ही गोष्टी जन्मभर त्याच्या मागे असतात. शिवाय तालुक्यात प्रत्यारोपणाचे केंद्र नसल्याने त्याला नवी मुंबई किंवा मुंबई गाठावी लागते. पूर्वी उरणच्या मोरा बंदरातून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याची लाँच आणि पनवेल-बेलापूरकडे जाणारी बस हेच मुख्य आधार होते. लाँचचा भरवसा भरती-ओहोटीवर. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू आणि उरणपर्यंतची लोकल यांचे एकाच दिवशी उद्घाटन झाले आणि रुग्णालयाचे अंतर पुष्कळ कमी झाले. ज्याला महिन्या-दोन महिन्यांनी रक्त देऊन यायचे आहे, त्याच्या दृष्टीने ही साधी सोय नव्हे.

नजर पालटू लागते ती शस्त्रक्रियेच्या बरीच आधी, वाट पाहण्याच्या काळात. मूत्रपिंडाच्या रुग्णाला साधारणपणे आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास डायलिसिसच्या खुर्चीत बसावे लागते. जाण्यायेण्याचे आणि घरी आल्यावरच्या थकव्याचे तास धरले, तर अर्धा आठवडा त्यातच जातो. त्याहून जाचक असते पाण्याचे बंधन. लघवी जवळजवळ बंद झालेल्या माणसाला दिवसाकाठी जेमतेम लिटरभर पाणी चालते, आणि त्यात चहा, डाळ, आमटी सगळे आले. कोकणातल्या दमट उन्हाळ्यात हे सोसणे म्हणजे परीक्षाच. कुणी सकाळीच बाटली भरून ठेवतो आणि दिवसभर तिच्यावर नजर ठेवतो, कुणी तहान भागवायला बर्फाचा खडा चघळतो. शहाळे वर्ज्य, कारण त्यात पोटॅशियम भरपूर. सुकट, जवळा, खारवलेले बोंबील वर्ज्य, कारण त्यात मीठ. मिठागरांच्या आणि मासळीच्या गावात वाढलेल्या माणसाच्या ताटातून निम्मी ओळखीची चव निघून जाते.

यकृताच्या आणि हृदयाच्या रुग्णांची वाट पाहणे वेगळे असते. डायलिसिससारखे दीर्घकाळ तगवून धरणारे सोपे यंत्र त्यांच्यासाठी नाही. पद आणि पैसा इथे उपयोगी पडतोच असे नाही. महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांचे १४ ऑगस्ट २०१२ रोजी चेन्नईत निधन झाले, तेव्हा तेही यकृताच्याच प्रतीक्षेत होते. प्रतीक्षा यादीतल्या माणसाच्या मनात आणखी एक अवघड गोष्ट घर करते. रुग्णालयातून फोन येणार, म्हणजे कुठेतरी कुणीतरी गेलेले असणार. असा अवयव मेंदूमृत दात्याकडून येतो, आणि मेंदू मृत होण्याचे एक मोठे कारण रस्त्यावरच्या अपघातात डोक्याला होणारी इजा हे आहे. फोनची आस धरणे म्हणजे कुणाच्या तरी अपघाताची वाट पाहणे, असा विचार मनात आला की रुग्णाला स्वतःचीच शरम वाटते. हे तो सहसा घरच्यांजवळ बोलत नाही. समुपदेशकांना मात्र ते ओळखीचे असते.

प्रत्यारोपणानंतरचे जगणे हा विषय वैद्यकात तसा अलीकडचा आहे, कारण मुळात जगणारेच थोडे होते. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिकचे मूत्रपिंड त्याचा जुळा भाऊ रिचर्ड याला बसवले. ते जगातले पहिले यशस्वी प्रत्यारोपण. दोघे एकसारखे जुळे असल्याने रिचर्डच्या शरीराने ते परके मानले नाही. या पहिल्याच रुग्णाने पुढे काय केले हे पाहण्यासारखे आहे: ज्या परिचारिकेने शस्त्रक्रियेनंतर त्याची शुश्रूषा केली तिच्याशी त्याने लग्न केले, त्यांना दोन मुली झाल्या आणि तो आणखी आठ वर्षे जगला. १९५६ मध्ये एडिथ हेल्म या अमेरिकन तरुणीला तिच्या जुळ्या बहिणीचे मूत्रपिंड मिळाले आणि १९५८ च्या मार्चमध्ये ती आई झाली. मरणाच्या दारातून परतलेली माणसे आधी संसार मांडतात, हे या शास्त्राच्या आरंभीच दिसून आले.

पण सगळ्यांना जुळे भावंड कुठून असणार? इतरांचे शरीर परका अवयव नाकारत असे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९६५ मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये, डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांच्या पहिल्या हृदय प्रत्यारोपणानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, डॉ. पी. के. सेन यांनी तिथेच हृदयाचे प्रत्यारोपण केले. धाडस मोठे होते, पण रुग्ण वाचले नाहीत. १९७१ मध्ये वेल्लोरला जिवंत दात्याचे मूत्रपिंड यशस्वीपणे बसवण्यात आले. खरा फरक पडला तो सायक्लोस्पोरिन या औषधाने. १९८३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि शरीराचा नकार बऱ्याच अंशी काबूत आला. भारतात १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूमृत्यूला मान्यता दिली. फेब्रुवारी १९९५ पासून तो लागू झालेल्या पहिल्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातले पहिले यशस्वी हृदय प्रत्यारोपण केले. तो रुग्ण सुमारे पंधरा वर्षे जगला. आता ३ ऑगस्ट हाच दिवस भारतीय अवयवदान दिन म्हणून पाळला जातो. मुंबईला मात्र डॉ. सेन यांच्या प्रयत्नानंतर यशस्वी हृदय प्रत्यारोपणासाठी ऑगस्ट २०१५ पर्यंत थांबावे लागले. पुण्याहून आलेले हृदय तेव्हा मुलुंडच्या रुग्णालयात बदलापूरच्या एका तरुणाला बसवण्यात आले. २०२३ या एका वर्षात देशात १८ हजारांहून अधिक प्रत्यारोपणे झाली. त्यांतली बहुतेक मूत्रपिंडाची, त्याखालोखाल यकृताची.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही आठवडे विलक्षण असतात. नवे मूत्रपिंड ओटीपोटात, बहुधा उजव्या बाजूला बसवतात. जुनी दोन्ही सहसा जागेवरच ठेवतात. जिवंत दात्याचे मूत्रपिंड असेल तर पुष्कळदा टेबलावरच लघवी सुरू होते. ज्या माणसाने दोन-तीन वर्षे घोट मोजले, त्याला परिचारिका सांगते, आता दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी प्यायचे. पुष्कळांना तो पहिला भरलेला पेला सबंध शस्त्रक्रियेपेक्षा जास्त आठवतो. तोंडाची धातूसारखी चव जाते, अंगाची खाज थांबते, जेवणाला रुची येते. यकृताच्या रुग्णाच्या डोळ्यांतला पिवळेपणा ओसरतो आणि डोक्यावरचे धुके विरल्यासारखे वाटते. हृदयाच्या रुग्णाला आडवे पडून झोपता येते. आधी त्याला उशांचा ढीग लावून बसल्या बसल्या रात्र काढावी लागत असे.

या आनंदातला थोडा भाग औषधांचा असतो, हे सांगायलाच हवे. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड सुरुवातीला मोठ्या मात्रेत दिली जातात. त्यांनी उत्साह चढतो, झोप उडते, भूक वाढते, चेहरा गोल होतो. माणूस पहाटे चार वाजता उठून घर आवरायला घेतो, सगळ्यांना फोन करतो, मोठमोठे बेत आखतो. पुढे मात्रा उतरवली की उत्साहही उतरतो, आणि काहींच्या बाबतीत चिडचिड, रडू, उदासी डोके वर काढते. आता सगळे छान झाले ना, मग तोंड का पाडून बसलास, असे घरचे विचारतात. त्याच्याकडे उत्तर नसते, आणि एवढे सगळे मिळूनही आनंद होत नाही याचा अपराधीपणा वर येतो. डिस्चार्जच्या वेळी गोळ्यांच्या यादीसोबत एवढी एक गोष्ट नातेवाइकांना नीट समजावून दिली, तर पुष्कळ घरांतली भांडणे टळतील.

त्यानंतर सुरू होते ते घड्याळाचे आयुष्य. टॅक्रोलिमस हे मुख्य औषध बारा तासांच्या अंतराने घ्यावे लागते. सकाळी नऊला घेतले तर रात्री नऊलाच. रक्तातली त्याची मात्रा कमी पडली तर शरीर अवयव नाकारू लागते, जास्त झाली तर तेच औषध मूत्रपिंडाला अपाय करते, हात थरथरतात. म्हणून ‘लेव्हल’ तपासायची असते, आणि ती सकाळची गोळी घेण्याआधी. तपासणीच्या दिवशी उरणहून पहाटेची लोकल पकडलेला माणूस गोळी खिशात घेऊन निघतो, रक्त देतो, दंडावर कापूस दाबून धरत पाण्याची बाटली उघडतो आणि मगच गोळी तोंडात टाकतो. संध्याकाळी अहवाल येईपर्यंत त्याचे कशात मन लागत नाही. या मंडळींत एकमेकांची विचारपूस ‘कसे आहात’ अशी होत नाही, ‘क्रिएटिनिन किती?’ अशी होते; मूत्रपिंड कसे चालले आहे हे सांगणारा हा रक्तातला आकडा. एक पूर्णांक एक आले तर दिवस चांगला. एक पूर्णांक सहा आले तर रात्रभर झोप नाही.

काळाचा हिशेब असा बदलतो. पूर्वी जो माणूस मुलीचे लग्न, घराचे कर्ज, निवृत्ती अशा वीस वर्षांच्या टप्प्यांनी विचार करत असे, तो पुढच्या अहवालापर्यंतचा विचार करू लागतो. त्याला कारणही आहे. जिवंत दात्याचे मूत्रपिंड सर्वसाधारणपणे पंधरा ते वीस वर्षे चालते, मेंदूमृत दात्याचे त्याहून थोडे कमी. तिशीत प्रत्यारोपण झालेल्याला पुन्हा एकदा त्याच वाटेने जावे लागण्याची शक्यता असते. हातावरचा डायलिसिसचा फिस्टुला, म्हणजे धमनी आणि शीर जोडून केलेली जागा, अनेकांच्या बाबतीत तसाच राहतो. बोट ठेवले की त्वचेखाली रक्ताची थरथर लागते. दिवसातून एकदा तरी त्यावर हात फिरवण्याची सवय पुष्कळांना जडते. कुणाला त्यात धोक्याची आठवण दिसते, कुणाला पुढच्या वेळची सोय.

खाण्यापिण्याची मुभा मिळते, पण नवी बंधने येतात आणि ती कोकणात राहणाऱ्याला चांगलीच जाणवतात. रोगप्रतिकारशक्ती दाबून ठेवलेली असल्याने न उकळलेले पाणी, रस्त्यावरची चटणी, कापून ठेवलेली फळे टाळायची. कालवे, तिसऱ्या खायच्या तर पुरत्या शिजवून. पपनस अजिबात नाही, कारण त्या फळातली द्रव्ये टॅक्रोलिमसची रक्तातली मात्रा वाढवतात; परसदारी झाड असलेल्याला हे पटवणे कठीण जाते. भातलावणीला अनवाणी चिखलात उतरायचे नाही, कारण लेप्टोस्पायरोसिसची भीती. उन्हात टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवा, कारण या औषधांनी त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. बंदरात तीन पाळ्यांत काम करणाऱ्याला झोप आणि गोळ्यांची वेळ जमवणे अवघड जाते. गर्दीच्या जत्रेत, हळदीच्या मांडवात पहिले वर्षभर जायचे नाही किंवा मास्क लावून जायचे. आगरी-कोळी घरांत हळदीला न येणे म्हणजे नाते तोडण्यासारखे. तिथे ‘नाही’ म्हणायला शिकणे हा प्रत्यारोपण झालेल्या माणसाच्या स्वभावातला मोठाच बदल म्हणायचा. लोक त्याला धास्तावलेला समजतात. तो असतो शिस्तीचा.

दात्याशी असलेले नाते हा या सगळ्याचा गाभा. भारतात बहुतेक अवयव जिवंत दात्यांकडून, म्हणजे घरातूनच येतात. कायद्याने जवळचे नातेवाईक म्हणजे पती-पत्नी, आई-वडील, मुले, भावंडे, आजी-आजोबा आणि नातवंडे. प्रत्यक्षात देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हे देशभर दिसते. १९९५ ते २०२१ या काळात नोंदल्या गेलेल्या ३६,६४० प्रत्यारोपणांपैकी ६,९४५ स्त्रियांची होती. म्हणजे पाचांत चार घेणारे पुरुष. आईने मुलाला, बायकोने नवऱ्याला देणे स्वाभाविक मानले जाते. उलट दिशेने ‘तो कमावता आहे, त्याला कशाला’ असा सूर लागतो. जिच्यासाठी दाता मिळालाच नाही अशा बाईच्या दृष्टिकोनाबद्दल कुणी लिहीत नाही, कारण ती या गोष्टीत येतच नाही.

बायकोचे मूत्रपिंड पोटात घेऊन जगणारा नवरा बदलतो का? पुष्कळदा बदलतो. आवाज खाली येतो, घरातल्या निर्णयांत तिला विचारले जाते, तिच्या दुखण्याखुपण्याकडे लक्ष जाते. काही घरांत मात्र हेच देणे ओझे होते. भांडणात ते निघते किंवा कधीच निघत नाही आणि तरीही दोघांच्या मध्ये उभे असते. समाजशास्त्रज्ञ रेने फॉक्स आणि त्यांच्या सहकारी ज्युडिथ स्वाझी यांनी अमेरिकेतील रुग्णांचा दीर्घकाळ अभ्यास करून या ओझ्याचे वर्णन देणगीचा जुलूम असे केले: परतफेड होऊच शकत नाही असे दान घेणाऱ्याला देणाऱ्याशी जखडून टाकते. आईबापांच्या, देवांच्या आणि ऋषींच्या ऋणाची कल्पना मुरलेल्या मराठी घरात हे नवे नाही. पण ते ऋण सगळ्यांचे असते, हे मात्र एकट्याचे, आणि त्याचा आकडा प्रयोगशाळेच्या अहवालात दर महिन्याला छापून येतो. मूत्रपिंड निकामी झाले तर ‘आईचे दान मी वाया घालवले’ असे वाटून कोलमडणारे मुलगे असतात. दोष त्यांचा नसतो, तरीही.

दाता मेंदूमृत असेल तर गोष्ट निराळी. कुटुंबांची ओळख एकमेकांना न देण्याची पद्धत आहे. पण वर्तमानपत्रात दुसऱ्याच दिवशी बातमी येते, आणि तारीख-वार जुळवून रुग्ण ओळखतो की तो पंचविशीतला दुचाकीस्वार असावा. मग तो नाव नसलेल्या माणसाचे श्राद्ध करू लागतो: प्रत्यारोपणाच्या तारखेला अन्नदान, रक्तदान शिबिर, कुणाच्या शाळेची फी. ‘दुसरा वाढदिवस’ म्हणून केक कापणारेही त्या दिवशी दाता गेला हे विसरत नाहीत. कुणी गेले आणि म्हणून आपण आहोत, ही गोष्ट पूर्णपणे पचवणे शक्य नसते. बरेच जण ती मनाच्या एका कोपऱ्यात नीट ठेवायला शिकतात, इतकेच.

इथे एक लोकप्रिय प्रश्न येतो. दात्याचा स्वभावही अवयवासोबत येतो का? अमेरिकेतील क्लेअर सिल्व्हिया या हृदय आणि फुप्फुसे बदललेल्या नर्तकीने आपल्या आवडीनिवडी दात्यासारख्या झाल्याचे लिहिले आणि अशा कथांना ऊत आला. व्हिएन्नातील संशोधकांनी ४७ हृदय प्रत्यारोपितांना थेट विचारले. निष्कर्ष १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. ७९ टक्के म्हणाले, आमच्या स्वभावात काहीही फरक नाही. १५ टक्क्यांनी बदल मान्य केला, पण त्याचे कारण हृदयाला न देता मरणाच्या दारात जाऊन येण्याला दिले. नव्या हृदयामुळे आपण बदललो असे म्हणणारे फक्त तीन जण होते. चित्रपटवाल्यांना आवडेल असा हा निकाल नाही.

शरीरात मात्र एक चमत्कारिक गोष्ट खरोखर घडते. हृदय काढताना त्याच्या नसा तुटतात आणि नव्या शरीरात त्या लगेच जोडल्या जात नाहीत. त्यामुळे बसवलेले हृदय विश्रांतीतही मिनिटाला नव्वद ते एकशे दहा ठोके देत राहते. दचकल्यावर ते लगेच धडधडत नाही. रक्तातले अॅड्रेनालिन पोहोचेपर्यंत थोडा वेळ जातो. जिना चढू लागल्यावर ते उशिरा वेग घेते आणि थांबल्यावर उशिरा शांत होते. भीती डोक्यात आली तरी छातीला पत्ता नाही, असा अनुभव ज्याला रोज येतो त्याला भावनांकडे जरा अंतरावरून पाहण्याची सवय लागली, तर त्यासाठी दात्याच्या आत्म्याला बोलावण्याची गरज नाही.

हातांच्या प्रत्यारोपणात तर परका अवयव झाकताही येत नाही. बस अपघातात दोन्ही हात गमावलेल्या पुण्याच्या एका विद्यार्थिनीला २०१७ मध्ये कोचीच्या अमृता रुग्णालयात एका तरुणाचे हात बसवण्यात आले. मुलाचे मोठे, सावळे हात पुढे बारीक होत गेले आणि रंगही तिच्या वर्णाकडे झुकला. तिने त्याच हातांनी परीक्षेचा पेपर लिहिला. घाटकोपर स्थानकात २०१४ मध्ये दोन्ही हात गमावलेल्या तरुणीला २०२० मध्ये परळच्या ग्लोबल रुग्णालयात हात मिळाले. पोटातले मूत्रपिंड विसरता येते. दररोज केस विंचरणाऱ्या, भात कालवणाऱ्या हातांना आपले म्हणणे ही जाणूनबुजून करायची गोष्ट असते.

मोठ्या संकटातून गेलेल्या माणसांत काही चांगले बदल घडतात, या कल्पनेला अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून यांनी शास्त्रीय रूप दिले. त्यांनी १९९६ मध्ये एकवीस प्रश्नांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. माणसांशी जवळीक, नव्या शक्यता, स्वतःच्या बळाची ओळख, अध्यात्म आणि आयुष्याची किंमत ही तिची पाच क्षेत्रे. प्रत्यारोपण झालेल्यांवर ती अनेक देशांत वापरली गेली आहे. मोजपट्टीची उणीव उघड आहे. माणूस स्वतःच स्वतःबद्दल सांगतो, आणि ज्याच्यासाठी आईने पोट चिरून घेतले तो ‘माझ्यात काही फरक नाही’ असे कसे म्हणेल? तरीही जे वारंवार आढळते ते खोटे मानण्याचे कारण नाही. क्षुल्लक भांडणांतून अंग काढून घेणे, पुढे ढकललेली कामे हाती घेणे, नोकरीतल्या बढतीची ओढ कमी होणे, मुलांना वेळ देणे हे बदल घरचे लोकही सांगतात. देवाबद्दलचे मत दोन्ही दिशांना सरकते. कुणाची माळ वाढते, तर कुणी म्हणतो, देव होता तर ही वेळ का आली. मला वाचवले ते डॉक्टरांनी आणि एका अनोळखी आईने.

हा बदल टिकतोच असे नाही. वर्षा-दोन वर्षांत माणूस पुन्हा रोजच्या कटकटींत रमतो, शेजाऱ्याच्या गाडीवरून चरफडतो. ते वाईटही नाही. ते बरे झाल्याचेच लक्षण. धोका आहे तो दुसऱ्या टोकाला. एकदम ठणठणीत वाटू लागले की गोळ्या चुकतात. किशोरवयीन मुलांत हे विशेष दिसते. लहानपणी प्रत्यारोपण झालेले मूल सोळा-सतराव्या वर्षी मित्रांसारखे वागायला जाते, सहलीला गोळ्यांची डबी विसरते आणि शरीर अवयव नाकारू लागते. पैशांची ओढाताण हेही कारण असते. शस्त्रक्रियेचा खर्च महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत काही प्रमाणात भागतो. २०२३ मध्ये राज्य सरकारने मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठीची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेली. पण औषधे दर महिन्याला काही हजारांची, जन्मभराची. त्यात नोकरी गेलेली असेल, लग्नाच्या बाजारात पोटावरची खूण लपवायला सांगितले जात असेल, तर ‘नवे आयुष्य मिळाले’ हे वाक्य त्या माणसाच्या तोंडी टाकणे क्रूरपणाचे ठरते.

या सगळ्यावर उपयोगी पडते ती आपल्यासारख्यांची सोबत. पोर्ट्समथला १९७८ मध्ये सुरू झालेल्या जागतिक प्रत्यारोपण क्रीडास्पर्धांत अवयव बदललेली माणसे धावतात, पोहतात, बॅडमिंटन खेळतात. २०२५ ची स्पर्धा ड्रेस्डेनला झाली आणि भारतीय खेळाडूही तिथे जातात. मुंबईच्या नर्मदा किडनी फाउंडेशनसारख्या संस्था रुग्णांना माहिती आणि धीर देण्याचे काम करतात. बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर बसलेल्या नव्या रुग्णाला दहा वर्षे झालेला माणूस भेटला, तर डॉक्टरांच्या तासाभराच्या समजावणीपेक्षा जास्त काम होते. १९९८ मध्ये दिल्लीच्या अपोलो रुग्णालयात वडिलांच्या यकृताचा तुकडा मिळालेले वीस महिन्यांचे बाळ पुढे स्वतः डॉक्टर झाले. अशा उदाहरणांचा आधार मोठा असतो, पण डॉक्टर न झालेल्या, साधी रिक्षा चालवणाऱ्या, मासळी विकणाऱ्या, वेळेवर गोळ्या घेणाऱ्या माणसाचे यशही तेवढेच मोठे मानायला हवे.

मुंबई, ठाणे, रायगड परिसरातील मेंदूमृत दात्यांच्या अवयवांचे वाटप मुंबईची विभागीय प्रत्यारोपण समन्वय समिती करते. अशा चार समित्या राज्यात आहेत. अवयवदानाचा संकल्प राष्ट्रीय संस्थेकडे, म्हणजे ‘नोटो’कडे, घरबसल्या नोंदवता येतो. मात्र प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा अतिदक्षता विभागाबाहेर डॉक्टर नातेवाइकांनाच विचारतात आणि त्यांनी नाही म्हटले तर पुढे काही होत नाही. म्हणून अर्ज भरला असेल तर तो कपाटात ठेवू नका. आज रात्री जेवताना घरच्यांना स्पष्ट सांगा.